पसरणीच्या घाटात खटखटणारी बाईक आणि पंपावरचं ९५

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दोन गाड्या आहेत. एक दहा-अकरा वर्षांची कार्बोरेटरवाली १२५ सीसी बाईक, दुसरी गेल्या वर्षी घेतलेली एक लिटरची टर्बो पेट्रोल कार. बाईक पसरणीच्या घाटात डबलसीट चढताना खटखटते आणि तिचा पिकअपही पूर्वीसारखा राहिलेला नाही. पंपावरचा मुलगा म्हणतो ९५ ऑक्टेनचं घाला, गाडी पळेल. मित्र म्हणतो एकदा शंभरचं घालून बघ. न्यू जर्सीतला मामेभाऊ म्हणतो आम्ही इथे ८७ घालतो आणि गाड्या मस्त चालतात. आता ऐकायचं कुणाचं?

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. कारमध्ये जास्त ऑक्टेनचा थोडा फायदा होऊ शकतो. किती होईल ते झाकणाच्या आतल्या स्टिकरवर आणि तुम्ही गाडी कशी चालवता त्यावर ठरेल. बाईकला त्याचा उपयोग नाही. उलट बाईकच्या बाबतीत मला तुमचा प्रश्नच जरा बदलावासा वाटतो. दहा वर्षं साध्या पेट्रोलवर न खटखटता घाट चढलेलं इंजिन आज त्याच घाटात खटखटत असेल, तर बिघाड इंजिनात झालाय. तो शोधायचा सोडून महागडं पेट्रोल घालणं म्हणजे ताप का आला हे न बघता रोज पॅरासिटामॉल घेण्यासारखं आहे.

आता ऑक्टेन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. पंपावर ९१, ९५, १०० असे चढते आकडे लिहिलेले असतात आणि किंमतही त्याच क्रमाने चढते. साहजिकच वाटतं की जास्त आकड्याच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद असणार. तसं नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबलं गेलं की ते तापतं. प्लगची ठिणगी पडायची तेव्हा पडते, तिथून ज्वाला पसरत जाते आणि पिस्टनला खाली ढकलते. पण ज्वाला पोहोचायच्या आत टोकाला उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआपच पेटलं, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा उसळतात आणि त्या भिंतींवर आपटतात. बाहेर ऐकू येते ती खटखट, म्हणजे नॉकिंग. असं आपोआप पेटण्याला पेट्रोल किती वेळ दाद देत नाही, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. या मापात आयसोऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० धरलंय आणि हेप्टेनला शून्य. ९५ ऑक्टेन म्हणजे ९५ भाग आयसोऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांचं मिश्रण जितकं टिकेल तितकंच ते पेट्रोल टिकतं. आकडा इतकंच सांगतो. लिटरमध्ये ऊर्जा किती, हे तो सांगतच नाही.

ऊर्जा आणि ऑक्टेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या उसाच्या पट्ट्यातच तयार होतो. इथेनॉलचं ऑक्टेन १०८च्या आसपास आहे, म्हणजे पंपावरच्या कुठल्याही पेट्रोलपेक्षा जास्त. पण लिटरमागे ऊर्जा बघाल तर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल आणि इथेनॉलमध्ये २१. ऑक्टेन जास्त, ऊर्जा एक तृतीयांश कमी. आणखी एक समजूत आहे की जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हळू जळतं, म्हणून ते छोट्या इंजिनला जड पडतं. तीही इथेनॉलपाशी गळून पडते, कारण त्याची ज्वाला पेट्रोलपेक्षा वेगाने पसरते.

मग लोक म्हणतात, रेसच्या गाड्यांत का घालतात हो? घालतात, कारण ते इंजिन त्यासाठीच बांधलेलं असतं. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) जास्त ठेवलं, टर्बोचा दाब वाढवला किंवा ठिणगी लवकर पाडली की त्याच पेट्रोलमधून जास्त काम काढता येतं. पण तिन्हींमुळे नॉकिंगचा धोका वाढतो. जास्त ऑक्टेन तो धोका लांब ठेवतं, आणि ताकद येते ती त्या बदलांमुळे. याचं मला आवडणारं उदाहरण १९४०चं आहे. ब्रिटिश हवाई दलाने स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनांसाठी १०० ऑक्टेनचं पेट्रोल वापरायला घेतलं, तेव्हा पेट्रोल ओतल्याने विमानं जोरात गेली नाहीत. पेट्रोल टिकाऊ मिळाल्यामुळे सुपरचार्जरचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाचा, दाब दर चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत वाढवता आला आणि कमी उंचीवर इंजिन सुमारे १,३०० अश्वशक्ती द्यायला लागलं. आधी ते हजाराच्या थोडं वर होतं. दाब तेवढाच ठेवून नुसतं पेट्रोल बदललं असतं तर वैमानिकाला काही फरक कळला नसता.

तुमच्या बाईकचं कॉम्प्रेशन आहे नऊ-दहाच्या आसपास, ठिणगीचं वेळापत्रक सीडीआयमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीत, पक्कं बसवलेलं, आणि नॉकिंग ऐकून ते बदलणारा सेन्सर तिच्यात नाही. पेट्रोल ९१चं आहे की १००चं, हे तिला समजायला मार्गच नाही. ठिणगी त्याच क्षणी पडणार, हवा तेवढीच आत येणार, ताकद तेवढीच निघणार. निरोगी १२५ सीसी बाईकमध्ये शंभरचं घालून पिकअप वाढल्याचं मला कुणी सांगितलं, की मी त्यांना एकच विचारतो: त्याच आठवड्यात सर्व्हिसिंग केलं होतं का, टायरमध्ये हवा भरली होती का? बहुतेक वेळा उत्तर हो असतं.

कारचं गणित वेगळं. टर्बो हवा आधीच दाबून आत ढकलतो, त्यामुळे छोटं इंजिन असूनही आत दाब भरपूर. ब्लॉकवर बोल्टने बसवलेला नॉक सेन्सर असतो. खटखट सुरू झाल्याची चाहूल माणसाच्या कानाआधी त्याला लागते. तो खबर देतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी काही अंश उशिरा पाडतो, नॉकिंग थांबतं आणि त्याबरोबर ताकदही थोडी कमी होते. आता एप्रिल-मे महिना, बाहेर चाळीस डिग्री, एसी फुल, चार माणसं, डिकी भरलेली आणि समोर खंबाटकी. अशा वेळी कमी ऑक्टेनवर ईसीयू वारंवार ठिणगी मागे ओढत असतो. जास्त ऑक्टेन असेल तर त्याला तेवढं ओढावं लागत नाही. इथे फरक खरा असतो आणि चालवणाऱ्याला तो जाणवूही शकतो. त्याच गाडीने सकाळी वाईतून साताऱ्याला साठच्या वेगाने शांतपणे गेलात तर इंजिन त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, आणि फरक शून्य.

म्हणून आधी इंधनाच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा, मग मॅन्युअल उघडा. तिथे कमीत कमी किती ऑक्टेन हवं ते लिहिलेलं असतं, आणि काही गाड्यांना शिफारस म्हणून त्याहून वरचा आकडाही दिलेला असतो. कमीत कमी ९१ एवढंच लिहिलं असेल तर निर्धास्त राहा. शिफारस ९५ची असेल तर ईसीयूला त्याचा उपयोग करता येतो असं समजा. कमीत कमीच ९५ लिहिलं असेल तर तिथे काटकसर करू नका, विशेषतः थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात.

अमेरिकेत एएए या वाहनधारकांच्या संस्थेने हेच मोजून पाहिलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम घालून तपासलं, तेव्हा ताकद, मायलेज, धूर या कशातच सांगण्यासारखा फायदा सापडला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ज्या गाड्यांना प्रीमियमची शिफारस आहे पण सक्ती नाही अशा घेतल्या. तिथे सरासरी मायलेज २.७ टक्के आणि अश्वशक्ती १.४ टक्के वाढली. फायदा आहे, पण पेट्रोलच्या किमतीतला फरक भरून निघेल इतका नाही. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवरून माझं मतही साधारण हेच आहे.

तुमच्या मामेभावाचं ८७ही इथेच उलगडून टाकतो. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, रिसर्च आणि मोटर. दोन्हीसाठी एकच खास इंजिन वापरतात, एका सिलिंडरचं, चालू असताना कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येणारं. रिसर्च पद्धतीत ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवतात. मोटर पद्धतीत ९०० फेऱ्या आणि आत जाणारं मिश्रण बरंच तापवलेलं, म्हणून तिथे आकडा कमी येतो. आपल्याकडे पंपावर रिसर्चचा आकडा लिहितात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. त्यामुळे तिकडचं ८७ म्हणजे ढोबळमानाने आपलं ९१ किंवा ९२. भाऊ हलकं पेट्रोल घालत नाही आणि आपण भारी घालत नाही, माप वेगळं आहे.

आता दुसरी एक गोष्ट, जी पंपावर कुणी सांगत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत साधं पेट्रोल म्हणजे नक्की काय, हेच बदललं. २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२०, आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन पूर्वी ८८ होतं, बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांसाठी ते ९१ केलं आणि ई-२०मुळे ते ९५पर्यंत गेलंय. हे धरलं तर साध्या पेट्रोलऐवजी ९५चं प्रीमियम घेताना ऑक्टेनचा फरक फारसा उरतच नाही. तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते मुख्यतः त्यातल्या साफसफाईच्या रसायनांसाठी.

त्या रसायनांबद्दल माझं मत वाईट नाही. ज्या गाड्यांत पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरबाहेरच्या हवेच्या वाटेत, फवारलं जातं तिथे इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हवरचा चिकट थर कमी राहायला त्यांची मदत होते. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात इंजेक्टरपुरती मदत होते, पण व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पेट्रोल पोहोचतच नाही, तेव्हा तिथला कार्बन धुऊन निघण्याची अपेक्षा ठेवू नका. आणि एक काळजी घ्या: प्रीमियम हे नाव आणि ऑक्टेनचा आकडा या गोष्टी वेगळ्या बघा. इंडियन ऑइलचं एक्सपी-९५ आणि एक्सपी-१००, भारत पेट्रोलियमचं स्पीड-९७, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर-९५, यांच्या नावातच आकडा आहे. आकडा नसलेलं नुसतं भारी नाव दिसलं तर विचारा की यात ऑक्टेन जास्त आहे की फक्त रसायन. देशात १०० ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने २०२०च्या डिसेंबरमध्ये आणलं आणि पहिल्या शहरांत मुंबई-पुणे होते. ते जास्त कॉम्प्रेशनच्या महागड्या परदेशी बाईक्स आणि स्पोर्ट्स कार्ससाठी आहे. तुमच्या दोन्ही गाड्यांना त्याची गरज नाही.

ई-२०चा दुसरा परिणाम मात्र तुमच्या बाईकवर होतो आणि पिकअपच्या तक्रारीचा काही भाग त्यात असू शकतो. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ज्यातून जातं त्या जेटचं भोक होतं तेवढंच राहतं. मग मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. सकाळी चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल एकदम पिळला की गाडी क्षणभर अडखळते, इंजिन जास्त तापल्यासारखं वाटतं. मायलेजचं म्हणाल, तर नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या दुचाकींचं मायलेज ई-२०वर ३ ते ४ टक्के आणि तशा चारचाकींचं ६ ते ७ टक्के कमी होईल. पन्नास देणारी बाईक अठ्ठेचाळीस देऊ लागली तर इंजिनाला दोष देऊ नका. चाळीसवर आली असेल तर मात्र शोधायला हवं.

मग आता बाईकच. पहिली गोष्ट, तो आवाज खरंच नॉकिंगचा आहे का ते ठरवा. माझ्याकडे नॉकिंग म्हणून येणाऱ्या बाईक्सपैकी बऱ्याच वेगळ्याच कारणाने वाजत असतात. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीचा, आवाज उभ्या गाडीतही येतो आणि रेसबरोबर एकसारखा वाढतो. टायमिंग चेनचा आवाज सकाळी थंड इंजिन चालू करताना जास्त असतो. सायलेन्सरच्या गार्डचा स्क्रू सैल असेल तर ठराविक रेसलाच झणझणतं, आणि बूट टेकवून दाबलं की थांबतं. नॉकिंग या सगळ्यांपासून वेगळं ओळखू येतं: ते फक्त लोडवर येतं. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, थ्रॉटल पूर्ण उघडलेला असताना कोरडी, धातूवर धातू आपटल्यासारखी खटखट येते. थ्रॉटल जरा सोडला किंवा एक गिअर खाली घेतला की तत्क्षणी थांबते. पसरणीच्या घाटात पुढच्या वेळी एवढंच करून बघा. चौथ्यातून तिसऱ्यात आणा. आवाज गेला तर नॉकिंग आहे, आणि निम्मा उपायही तुम्हाला सापडला.

निम्मा उपाय म्हणतो याचं कारण, आपल्याकडे गिअर बदलायचा कंटाळा फार. टॉपमध्ये तीसच्या वेगाने घाट चढवला की पेट्रोल वाचतं असं लोकांना वाटतं. त्या वेळी इंजिन सावकाश फिरत असतं, सिलिंडर पूर्ण भरलेला असतो आणि टोकाच्या मिश्रणाला आपोआप पेटायला भरपूर वेळ मिळतो. नॉकिंगला याहून सोयीची परिस्थिती नाही. काही जण याचा दोष पाचगणीच्या उंचीला देतात, पण उंचीवर हवा विरळ असते, सिलिंडरमध्ये दाब कमी होतो आणि ऑक्टेनची गरज उलट घटते. अमेरिकेत डोंगराळ राज्यांत म्हणूनच ८५चंसुद्धा पेट्रोल विकलं जातं. घाटात त्रास होतो तो चढामुळे आणि मागे बसलेल्या माणसाच्या वजनामुळे.

गिअर खाली घेऊनही खटखट राहत असेल, तर एकदा टाकी जवळपास रिकामी करून दोन लिटर १००चं घालून तोच घाट चढा. इथे ते महाग पेट्रोल घालायला माझी हरकत नाही, कारण ही तपासणी आहे. आवाज बंद झाला तर नॉकिंग पक्कं. अजिबात फरक पडला नाही तर कारण यांत्रिक आहे. गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी), कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, पिस्टनचा ढिलेपणा यांकडे बघावं लागेल आणि तिथे उशीर करू नका, कारण रॉडचं बेअरिंग गेलं तर इंजिन वाटेतच जाम होतं.

नॉकिंग पक्कं झालं की प्लग काढा. गाडी चांगली तापेपर्यंत चालवून, लोडवर असतानाच बंद करून काढलात तर प्लग खरं बोलतो. नुसती ओट्यासमोर चालू ठेवून काढलात तर तो काळाच दिसणार. मधलं पांढरं पोर्सिलेन बिस्किटी रंगाचं असेल तर उत्तम. खडूसारखं पांढरं फटक असेल तर मिश्रण लीन आहे किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे उष्णता पुरेशी बाहेर न सोडणारा, बसवलाय. ओलसर काळा असेल तर ऑइल वर चढतंय. आणि पोर्सिलेन भिंगाखाली धरा, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी चालेल. त्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके किंवा चमकणारे चंदेरी कण दिसले तर गांभीर्याने घ्या. ते चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. अशा इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडलं की पिस्टनच्या कडेला करड्या रंगाचा खडबडीत, टोचल्यासारखा पट्टा सापडतो. हे होऊन गेलेलं नुकसान असतं आणि कुठल्याही ऑक्टेनने ते भरून येत नाही.

दहा-अकरा वर्षांच्या, बहुधा गावातल्या गावात फिरलेल्या बाईकमध्ये माझा पहिला संशय कार्बनवर असतो. छोटे फेरे, इंजिन नीट तापायच्या आत बंद, व्हॉल्व्हची सील कडक झाल्याने झिरपणारं थोडंसं ऑइल, यातून पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये कार्बनचा थर चढतो. तो जागा खातो, त्यामुळे कॉम्प्रेशन मूळ आकड्यापेक्षा वर जातं. शिवाय त्याचे टोकदार कोपरे तापून लाल होतात आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवतात. आता समजेल की जास्त ऑक्टेन घातल्यावर अशी बाईक खरंच शांत का होते आणि लोकांना वाटतं पेट्रोलने कमाल केली. कार्बन मात्र तिथेच राहतो आणि वाढत जातो. हेड उतरवून कार्बन काढणं, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, नवीन सील आणि नवीन गॅस्केट, हे एका दिवसाचं काम आहे. पिस्टनवरचा थर काढताना मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर लावला तर हात धरा. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की पुढचा कार्बन तिथेच आधी धरतो. लाकडाची पट्टी किंवा पितळी ब्रश, आणि आधी रात्रभर रॉकेल किंवा क्लीनरमध्ये मुरवणं, एवढं पुरतं.

हेड उघडायच्या आधी मात्र स्वस्तातल्या गोष्टी तपासून घ्या. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबरी मॅनिफोल्ड वाकवून बघा. त्याला चीर गेली असेल तर तिथून फुकटची हवा आत येते आणि मिश्रण लीन होतं. ई-२०मुळे जुन्या रबराच्या ओ-रिंगा आणि पाइप फुगतात किंवा कडक होतात, तेही हाताने चाचपा. सिलिंडरच्या फिन्समध्ये चिखल सुकून बसलेला असतो, तो धुऊन काढा, हवा लागली की इंजिन थंड राहतं. ऑइलची पातळी बघा. टॅपेट सेट करून घ्या, आणि घट्ट ठेवू देऊ नका: आवाज येऊ नये म्हणून काही मिस्त्री ते घट्ट करतात, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, थंड होत नाही आणि जळतो. जास्त ऑक्टेनने व्हॉल्व्ह जळतात असं जे ऐकू येतं, त्यातल्या बऱ्याच जळलेल्या व्हॉल्व्हमागे मला घट्ट टॅपेटच सापडलाय. मिश्रण लीन असल्याचं प्लगवर दिसलं तर मेन जेट एक नंबरने मोठा लावून पुन्हा प्लग बघायचा. आणि पिकअप कमी असण्याचा संबंध इंजिनाशीच असेल असं नाही: घासणारा ब्रेक, घसरणारी क्लचप्लेट, सुकलेली चेन यांनीही गाडी जड होते. मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवलं की ब्रेक-चेनचं लगेच कळतं.

पैशाचा हिशोबही करू. रोज चाळीस किलोमीटर फिरलात आणि पन्नासचं मायलेज धरलं तर महिन्याला चोवीस लिटर. लिटरमागे आठ रुपये जास्त धरले तर महिन्याला सुमारे एकशे नव्वद, वर्षाला तेवीसशे. त्या पैशांत बाईकचं हे सगळं काम मार्गी लागायला चांगला हातभार लागतो.

दुकानात मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या टाळा. काहींवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की इतके पॉइंट वाढतात, आणि त्यांच्या हिशोबात दहा पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक आकडा. पूर्वी पेट्रोलमध्ये ऑक्टेन वाढवायला शिसं घालत; आपल्याकडे २००० साली ते देशभर बंद झालं. यातल्या काही बाटल्यांमध्ये आता लोहाची संयुगं असतात. ती वापरलेल्या गाडीचा प्लग काढला की पोर्सिलेनवर विटकरी लाल थर दिसतो. तो विजेला वाट देतो आणि लोडवर मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकणं, सुरू होतं.

कारमध्ये फरक पडतो का हे तुम्हाला स्वतःच बघायचं असेल तर नीट बघा. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका. ईसीयूला नव्या पेट्रोलशी जुळवून घ्यायला थोडा अवधी लागतो आणि टाकीत जुनंही उरलेलं असतं. दोन टाक्या साध्या, दोन टाक्या ९५ किंवा ९७च्या, रस्ता तोच, टायरची हवा तीच, टाकी प्रत्येक वेळी पहिल्या कटऑफपर्यंत. शक्य असेल तर पेट्रोल घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी भरायला सांगा आणि कुठलं भरलं ते तुम्हाला कळू देऊ नका. ओळखीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर असेल तर खंबाटकी चढताना इग्निशन टायमिंगचा लाइव्ह आकडा शेजारी बसलेल्याला बघत राहायला सांगा. साध्या पेट्रोलवर तो आकडा लोडवर सारखा मागे पडत असेल आणि जास्त ऑक्टेनवर स्थिर राहत असेल, तर तुमच्या गाडीला त्याचा उपयोग आहे. उन्हाळ्यात आणि लांबच्या भरलेल्या प्रवासात घालत जा, रोजच्या ऑफिसला साधं पुरेल. आकडा दोन्ही वेळा सारखाच असेल तर विषय संपला. आणि टर्बो गाडीलाही टॉप गिअरमध्ये कमी रेसला पूर्ण थ्रॉटल देऊ नका. अशा इंजिनांत तिथेच ठिणगीआधी पेटण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

बाईकचं आधी करा. घाटात एक गिअर खाली घेऊन काय झालं, आणि प्लगवर कोणता रंग व कोणते ठिपके दिसले, एवढं कळवलंत की हेड उघडायची वेळ आली आहे की मॅनिफोल्डच्या रबरावर भागेल, हे सांगता येईल.